मुद्देमालाची साक्ष

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. ऋषी मौनव्रत धरून आश्रमाच्या दारी तप करीत उभे असतात. राजाचे शिपाई पाठीस लागलेले चोर चोरीचा माल घेऊन येतात, तो आश्रमात दडवतात आणि स्वतःही तेथेच लपतात. शिपाई ऋषींना विचारतात, ‘चोर कोणत्या वाटेने गेले?’ ऋषी बोलत नाहीत. झडती होते, माल सापडतो, चोर सापडतात. मौनी तपस्वीही त्यांच्यातलाच, असे ठरते. राजा सुळाची शिक्षा फर्मावतो आणि मांडव्य सुळावर चढतात.

लहानपणी ही कथा ऐकताना आपले लक्ष पुढच्या भागाकडे असते. सुळावरही न मरणारे ऋषी, त्यांनी धर्मराजाला दिलेला शाप, त्या शापाने झालेला विदुराचा जन्म, हे सारे आपल्याला आठवते. पण या कथेचा पूर्वार्ध कौटिल्याने एका वेगळ्याच दृष्टीने वाचला होता. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात संशयितांच्या चौकशीचा विचार करताना तो मांडव्याचा दाखला देतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की चोर नसलेला माणूसही योगायोगाने चोराच्या वाटेवर आढळू शकतो. त्याचा वेष, शस्त्र किंवा जवळची वस्तू चोराच्या वेषाशी, शस्त्राशी वा वस्तूशी मिळतीजुळती असू शकते. चोरीच्या मालाजवळ तो नुसता असूही शकतो. कौटिल्याच्या पाठात मांडव्य मौनीसुद्धा नाहीत. छळाच्या भीतीने ते ‘मीच चोर’ असे म्हणून मोकळे होतात. म्हणून पुरावा पुरा झाल्याखेरीज दंड करू नये, असे तो सांगतो.

गुन्ह्याच्या जागी सापडणाऱ्या वस्तूंचा पुरावा कसा तोलावा, या प्रश्नाचा सारा इतिहास या दाखल्यात बीजरूपाने आहे, असे आम्हांस वाटते. वस्तू खोटे बोलत नाही, असे आपण नेहमी ऐकतो. ते खरेही आहे. साक्षीदार फितूर होतो, रक्ताचा डाग फितूर होत नाही. परंतु डागाला जे विचारावे तेवढ्याचेच उत्तर तो देतो. प्रश्न एक विचारायचा आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे समजायचे, ही चूक डागाची नसते, ती आपली असते.

तीन प्रश्न

आपल्या नैयायिकांनी ‘जाती’ आणि ‘व्यक्ती’ असा भेद केला आहे. गोत्व ही जाती. दारात बांधलेली ही तांबडी गाय ही व्यक्ती. (जाती हा शब्द येथे सर्वत्र प्रकार या शास्त्रीय अर्थानेच घ्यावयाचा आहे.) मुद्देमालाच्या परीक्षेत हाच भेद पायाभूत आहे. काही खुणा जातिलक्षणे असतात. त्या वस्तू कोणत्या प्रकारची एवढेच सांगतात. काही व्यक्तिलक्षणे असतात. त्या ‘हीच ती’ असे सांगण्यापर्यंत जातात.

चिखलात उमटलेला चपलेचा ठसा घ्या. चप्पल आठ नंबरची, तळाला अमुक नक्षी, ही जातिलक्षणे झाली. त्या कारखान्यातून तशा हजारो चपला बाहेर पडल्या असतील. पण टाच एका अंगाने झिजलेली आहे, मध्ये खिळ्याने आडवी चीर पडली आहे आणि पुढच्या शिवणीचे तीन टाके उसवले आहेत, या खुणा त्या चपलेला कारखान्याने दिलेल्या नाहीत. त्या तिला तिच्या आयुष्याने दिल्या आहेत. अशा खुणा एकत्र जुळल्या तर ‘अशी चप्पल’ म्हणण्याऐवजी ‘ही चप्पल’ असे म्हणण्याचे धाडस परीक्षक करू शकतो.

तरीही एक तिसरा प्रश्न उरतोच. चप्पल हीच, हे ठरले. पण त्या रात्री ती कोणाच्या पायात होती, आणि ठसा उमटला तो गुन्ह्याच्या वेळी की आदल्या दिवशी? मांडव्यांच्या आश्रमात सापडलेला माल चोरीचाच होता, ओळख पटवण्यात शिपायांची चूक नव्हती. चूक झाली ती माल तेथे कसा आला हे न विचारल्यामुळे.

हा प्रकार कोणता, ही वस्तू नेमकी कोणाची, आणि ती येथे कशी आली, हे ते तीन प्रश्न होत. गेल्या दीडशे वर्षांत शास्त्राने पहिल्या दोहोंची उत्तरे देण्यात आश्चर्यकारक प्रगती केली. तिसऱ्याचे उत्तर मात्र आजही माणसालाच, सर्व परिस्थिती तोलून द्यावे लागते.

बडोद्याचा प्याला

पहिल्या प्रश्नाची उत्तरे रसायनशास्त्राने प्रथम दिली, आणि तीही विषांच्या बाबतीत. सोमल पांढरा, त्याला वास नाही की फारशी चव नाही. अन्नात कालवला तर कळत नाही. पटकीच्या लक्षणांत आणि सोमलाच्या लक्षणांत वैद्यही फसत. १८३६ साली जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञाने अत्यल्प सोमलही उघडकीस आणणारी रीत प्रसिद्ध केली आणि विष घालणाऱ्याचे मोठे संरक्षण नाहीसे झाले. आपल्या देशातही मद्रास, कलकत्ता, आग्रा आणि १८७० मध्ये मुंबई येथे सरकारी रासायनिक परीक्षकांच्या प्रयोगशाळा निघाल्या.

मुंबईच्या प्रयोगशाळेकडे चारच वर्षांत असे प्रकरण आले, की त्याने सारा हिंदुस्थान हलला. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांनी सकाळी फिरून आल्यावर नेहमीप्रमाणे ठेवलेल्या सरबताचे दोनचार घोट घेतले, त्यांना कसेसेच वाटू लागले, म्हणून उरलेले त्यांनी ओतून दिले. तेव्हा प्याल्याच्या तळाशी गाळ दिसला. तो गाळ मुंबईस तपासला गेला. त्यात सोमल निघाला आणि हिऱ्याच्या पुडीसारखी चकाकणारी भुकटीही निघाली. संशय मल्हारराव गायकवाडांवर आला. रेसिडेंटाचे आणि त्यांचे वितुष्ट जगजाहीर होते.

१८७५ मध्ये चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन बसले. तीन इंग्रज, त्यांत कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काऊच अध्यक्ष. आणि तीन हिंदी, म्हणजे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि सर दिनकरराव राजवाडे. महाराजांच्या बाजूने लंडनचे नामांकित वकील सार्जंट बॅलंटाइन आले. प्याल्यात सोमल होता याविषयी शास्त्राचे उत्तर स्पष्ट होते. पण तो मल्हाररावांच्या सांगण्यावरून घातला गेला, हे कशावरून? त्यासाठी होते ते रेसिडेन्सीतील नोकरांचे आणि महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांचे जबाब. आणि हे जबाब स्वतः आरोपात अडकलेल्या, सुटकेची आशा असलेल्या माणसांचे होते.

निकालात कमिशन दुभंगले. तिन्ही इंग्रज सभासदांना आरोप शाबीत वाटला, तिन्ही हिंदी सभासदांना तो शाबीत झाला असे म्हणता येईना. या दुहीत राजकारण नव्हते असे कोण म्हणेल? तथापि पुराव्याच्या दृष्टीने पाहिले तर प्याल्यातला सोमल आणि राजाचा हात यांच्यामधली जागा कोणत्याही परीक्षानळीने भरून निघालेली नव्हती, हे उघड आहे. सरकारने शेवटी मल्हाररावांना पदच्युत केले; पण ते या आरोपावर नव्हे, तर गैरकारभाराच्या कारणावर. सोमल सिद्ध झाला, गुन्हेगार सिद्ध झाला नाही.

डागाची जात

रक्ताच्या बाबतीत शास्त्र याच पहिल्या प्रश्नाशी बराच काळ अडून राहिले होते. कपड्यावरचा तांबूस डाग रक्ताचा की रंगाचा, हे एकोणिसाव्या शतकात सांगता येऊ लागले. पण माणसाचे रक्त की बकऱ्याचे, हे सांगता येईना. साहजिकच प्रत्येक आरोपी आदल्या दिवशी कोंबडी नाहीतर मेंढी कापलेली असे.

१९०१ साली जर्मनीत पॉल उलेनहुथ याने हा अडसर दूर केला. सशाला एखाद्या प्राण्याचे रक्तद्रव्य टोचले, की सशाच्या रक्तात त्याच्याविरुद्ध द्रव्य तयार होते आणि ते त्याच प्राण्याच्या रक्ताशी मिसळले असता गढूळपणा येतो, या गुणाचा त्याने उपयोग केला. त्याच वर्षी ऱ्यूगेन बेटावर दोन लहान मुलांचा निर्घृण खून झाला. संशयित लुडविग टेस्नोव हा फिरता सुतार होता. कपड्यांवरचे डाग लाकडाच्या रंगाचे, असे तो म्हणे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी दोन मुलींच्या खुनाच्या चौकशीत त्याने हेच उत्तर देऊन सुटका करून घेतली होती. मुलांच्या खुनाआधी काही आठवडे त्याच भागात कोणीतरी मेंढ्या चिरून टाकल्या होत्या. उलेनहुथने डाग तपासले. काही माणसाच्या रक्ताचे निघाले, काही मेंढीच्या. लाकडाच्या रंगाची कथा तेथेच संपली.

हा पुरावा जातिलक्षणाचाच होता. डाग त्या मुलांच्याच रक्ताचे, असे उलेनहुथ म्हणाला नाही, म्हणूही शकत नव्हता. पण आरोपीचे स्पष्टीकरण त्याने कायमचे खोटे पाडले. जातिलक्षणाचे खरे सामर्थ्य येथे दिसते. ते एका माणसावर बोट ठेवू शकत नाही, मात्र ‘हे असे नाही’ हे ठामपणे सांगू शकते. त्याच सुमारास व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरने माणसांतही रक्तगट आहेत हे दाखवले, तेथेही हाच न्याय लागू पडतो. डाग ‘ए’ गटाचा आणि आरोपी ‘बी’ गटाचा असेल तर ते रक्त त्याचे नव्हे, येथे वाद मिटला. परंतु दोन्ही ‘बी’ निघाले तर? आपल्या देशात स्थूलमानाने तीन माणसांत एक ‘बी’ गटाचा निघतो. ज्या सभागृहात तीनशे श्रोते बसले असतील, तेथे शंभर जणांवर तो डाग जुळेल. ‘गट जुळला’ हे शब्द ऐकताच ज्याला गुन्हा शाबीत झाल्यासारखे वाटते, त्याने हे शंभर जण डोळ्यांपुढे आणावेत.

नांगराची निशाणी आणि अंगठ्याचा ठसा

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. आमच्या मराठेशाहीच्या कागदांत, महजरांत व वतनपत्रांत, निरक्षर पाटील नावापुढे नांगराची निशाणी करी. बलुतेदार आपापल्या धंद्याच्या हत्याराची करीत. ही निशाणी म्हणजे निव्वळ जातिलक्षण. नांगर कोणीही काढील. तिला प्रामाण्य येई ते शेजारी लिहिलेल्या नावामुळे आणि गोतातल्या साक्षीदारांमुळे. सारा गाव एकमेकांस ओळखत होता, म्हणून व्यक्ती ओळखण्याचे काम निशाणीवर पडतच नव्हते.

इंग्रज अधिकाऱ्याला ही सोय नव्हती. त्याला गाव ओळखत होते, पण तो गावाला ओळखत नव्हता. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या तरुण अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या मालाचा करार केला, आणि सहीऐवजी शाईत बुडवून त्याच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. पुढे कोनाईने करार नाकबूल करू नये, त्याला धाक बसावा, एवढाच हेतू होता, हे हर्शेलने स्वतःच लिहून ठेवले आहे. पण ठसे जमवण्याचा त्याला नाद लागला आणि वर्षानुवर्षे तेच ठसे पुन्हा घेऊन पाहता रेषा बदलत नाहीत, असे त्याच्या ध्यानात आले. १८७७ मध्ये हुगळीस त्याने पेन्शनदार, दस्तऐवज आणि तुरुंगातील कैदी यांच्यासाठी ठशांचा उपयोग सुरू केला. इकडे जपानमध्ये काम करणाऱ्या हेन्री फॉल्ड्स या स्कॉटिश डॉक्टरने १८८० साली ‘नेचर’मध्ये पत्र लिहून, गुन्ह्याच्या जागी उमटलेल्या ठशांवरून गुन्हेगार शोधता येईल, अशी सूचना केली. १८९२ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने ग्रंथ लिहून हे सारे गणिताच्या पायावर मांडले. दोन ठसे तंतोतंत सारखे असण्याचा संभव चौसष्ट अब्जांत एक, असा त्याचा हिशेब होता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या सामुद्रिकात बोटांवर ‘शंख’ आणि ‘चक्र’ पाहतात. शंख किंवा चक्र हे जातिलक्षण. लाखो लोकांच्या अंगठ्यांवर चक्र असते. व्यक्तिलक्षण त्याच्या आत असते: कोणती रेघ कोठे तुटली, कोठे दुभंगली, कोठे मध्येच बेटासारखी सुटी राहिली, यांत. एकाच ठशात जाती आणि व्यक्ती दोन्ही नांदतात, आणि कार्यालयाला दोन्ही लागतात. जातीवरून फडताळातला कप्पा सापडतो, व्यक्तिलक्षणावरून कप्प्यातला माणूस.

ते कप्पे बसवले कलकत्त्यास. पॅरिसच्या बर्तियाँने कैद्यांची हाडे व अंगे मोजून ओळख ठेवण्याची रीत पाडली होती आणि बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री प्रथम तीच वापरीत. पण मोजणारा बदलला की माप बदले. हेन्रींच्या हाताखालील काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी ठशांची वर्गवारी करण्यासाठी अपार कष्ट घेतले. दहा बोटांपैकी प्रत्येकावर चक्र आहे किंवा नाही, एवढ्या एका गोष्टीवरून १,०२४ वर्ग पडतात, ही त्या पद्धतीची किल्ली. तिच्या गणिताचे श्रेय प्रामुख्याने अझीझुल हक यांना दिले जाते. पुढे हक खानबहादुर झाले आणि बोस रायबहादुर. जगभर नाव चालले ते मात्र ‘हेन्री पद्धती’ असेच. १८९७ च्या जूनमध्ये हिंदुस्थान सरकारने ही पद्धती स्वीकारली आणि कलकत्त्यास अंगुलिमुद्रांचे कार्यालय उघडले. स्कॉटलंड यार्डात तसे कार्यालय निघायला १९०१ साल उजाडावे लागले.

जलपैगुरीचे पंचांग

त्या कार्यालयाची पहिली मोठी कसोटी जलपैगुरी जिल्ह्यातील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनात लागली. तो बिछान्यात गळा चिरलेल्या स्थितीत आढळला. पेटी व तिजोरी फोडलेली, काही शे रुपये नाहीसे झालेले. संशयितांना तोटा नव्हता. मजुरांना तो निष्ठुरपणे वागवी. एका स्त्रीशी त्याचे संबंध होते, तिचे नातलग रागावलेले. जवळच काबुली लोकांचा तळ पडलेला. स्वयंपाक्याच्या कपड्यांवर रक्ताचे थेंब होते आणि ते धन्याच्या जेवणासाठी मारलेल्या कबुतराचे, असे तो सांगत होता. एका जुन्या नोकरालाही त्याने पूर्वी चोरीबद्दल तुरुंगात धाडले होते.

मृताच्या कागदांत निळ्या वेष्टनाचे एक बंगाली पंचांग निघाले. त्यावर दोन अस्पष्ट तपकिरी डाग होते, आणि भिंगातून पाहता त्यांतील एक बोटाचा ठसा दिसला. तो कलकत्त्यास गेला आणि दफ्तरातील एका ठशाशी जुळला: उजवा अंगठा, त्याच जुन्या नोकराचा, कांगाली चरण याचा. गुन्ह्यापूर्वी काही आठवडे तो तुरुंगातून सुटला होता. शेकडो मैलांवरच्या बीरभूम जिल्ह्यात तो सापडला. अंगठ्याचा ठसा पुन्हा घेतला, तोही जुळला. डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचा, असे रासायनिक परीक्षकाने सांगितले.

१८९८ साली खटला चालला. न्यायालयाला नवखा असा हा पुरावा होता. असेसरांनी काय मत दिले? हा माणूस रात्री त्या खोलीत शिरला, पेटीतल्या वस्तूंना त्याने हात लावला, चोरी केली, हे त्यांनी मान्य केले. पण खून होताना कोणी पाहिले नाही. तेव्हा खुनाबद्दल दोषी धरणे धोक्याचे आहे, असे ते म्हणाले. शिक्षा चोरीबद्दल झाली आणि वरिष्ठ न्यायालयानेही ती कायम केली.

पुष्कळांना हा निकाल विचित्र वाटतो. रक्ताळलेला अंगठा आणि पलीकडे गळा चिरलेले प्रेत, आणखी काय हवे? आम्हांस मात्र या अनामिक असेसरांचे कौतुक वाटते. नव्या शास्त्राच्या चमत्काराने ते दिपून गेले नाहीत. डाग कशाचा, याला परीक्षकाने ‘सस्तन प्राण्याचे रक्त’ एवढेच उत्तर दिले होते. १८९८ मध्ये त्यापुढे जाणे शक्यच नव्हते. ठसा कोणाचा, याला कार्यालयाने निःसंशय उत्तर दिले. पण त्या रात्री त्या खोलीत काय घडले, याचे उत्तर अंगठ्याकडे नव्हते. कदाचित खुनी सुटला असेल. तसे असले तरी फासाच्या दोराला जेवढा पुरावा लागतो तेवढा त्यांना दिसला नाही, आणि दिसला नाही असे त्यांनी सांगितले. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अंगुलिमुद्रांच्या जाणकाराचे मत ग्राह्य ठरले.

नऊ ओरखडे

प्रत्येक ठिकाणी असे असेसर नव्हते. १९१५ साली न्यूयॉर्क राज्यात एक वृद्ध शेतकरी आणि त्याची घर सांभाळणारी बाई यांचा गोळ्या घालून खून झाला. समोर राहणारा, फारसे लिहिता-वाचता न येणारा शेतमजूर चार्ल्स स्टीलो पकडला गेला. त्याच्याजवळ बावीस कॅलिबरचे पिस्तूल होते आणि प्रेतांतल्या गोळ्याही बावीस कॅलिबरच्या होत्या. कॅलिबर हे जातिलक्षण. तसली स्वस्त पिस्तुले अमेरिकेत घरोघर असत. पण स्वतःला तज्ज्ञ म्हणवणाऱ्या एका गृहस्थाने शपथेवर सांगितले, की या पिस्तुलाच्या नळीच्या तोंडाशी नऊ उंचवटे आहेत, गोळ्यांवर त्यांचेच नऊ ओरखडे आहेत, तेव्हा गोळ्या याच पिस्तुलातल्या. ते ओरखडे दुसऱ्या कोणाला दिसले नाहीत. स्टीलोने दबावाखाली कबुलीही दिली होती. त्याला देहान्त शिक्षा झाली, आणि विजेच्या खुर्चीपासून तो थोडक्यात वाचला.

फेरचौकशीत त्याच पिस्तुलातून गोळ्या झाडून त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. प्राणघातक गोळ्यांवरच्या खुणा निराळ्याच निघाल्या. नळीच्या तोंडाशी उंचवटे मुळी नव्हतेच. १९१८ मध्ये स्टीलो सुटला. त्या चौकशीत काम केलेल्या चार्ल्स वेट याने पुढे निरनिराळ्या कारखान्यांच्या पिस्तुलांची मापे जमवली, आणि १९२५ च्या सुमारास त्याच्या सहकाऱ्यांनी दोन गोळ्या एकाच दृष्टिक्षेपात शेजारी शेजारी दाखवणारा तुलनात्मक सूक्ष्मदर्शक कामास लावला. जातिलक्षणाला व्यक्तिलक्षणाचा मुखवटा चढवला की काय होते, हे स्टीलोने जगाला आपल्या जिवावर शिकवले.

धडा मात्र पुरता शिकला गेला नाही. गुन्ह्याच्या जागी सापडलेला केस आरोपीच्या केसासारखा दिसतो, हे जातिलक्षण. पण अमेरिकेच्या एफबीआयचे परीक्षक दशकानुदशके ते जवळजवळ व्यक्तिलक्षण म्हणून कोर्टात मांडीत. २०१५ मध्ये त्या खात्यानेच प्रसिद्ध केले, की आरोपीविरुद्ध साक्ष झालेल्या ज्या २६८ खटल्यांची तोवर छाननी झाली, त्यांपैकी २५७ मध्ये साक्ष मर्यादेबाहेर गेली होती. हे सारे आरोपी निर्दोष होते असे नव्हे. परंतु दोष दिसून आलेल्या खटल्यांत देहान्त शिक्षेचे खटलेही होते, आणि काही शिक्षा अमलात येऊन गेल्या होत्या. अंगुलिमुद्राही याला अपवाद नाही. २००४ च्या माद्रिद स्फोटांनंतर एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतील एका वकिलाचा, असे नामवंत परीक्षकांनी ठामपणे सांगितले, त्याला दोन आठवडे अटकेत ठेवले, आणि मग स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवले. बोटाच्या रेषा एकमेव असतील. पण पुसट, अर्धवट ठशाकडे पाहणारा डोळा माणसाचाच असतो.

पुन्हा मांडव्य

१९८४ मध्ये इंग्लंडात लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएतील व्यक्तिपरत्वे बदलणारा आकृतिबंध सापडला, आणि जातिलक्षणे पुरवणाऱ्या रक्ताच्या डागाला प्रथमच व्यक्तीचे नाव सांगता येऊ लागले. त्याच परिसरात १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यांपैकी एकाची कबुली दिली होती. त्याने दोन्ही केले हे सिद्ध करावे, म्हणून पोलिसांनी जेफ्रीज यांची मदत घेतली. उत्तर आले ते असे: दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे, पण तो माणूस हा मुलगा नव्हे. खरा गुन्हेगार पुढे सापडला आणि १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. नव्या विद्येने गुन्ह्याच्या तपासात पहिले काम केले ते निरपराध्याला सोडवण्याचे. आणि तो निरपराधी मांडव्यासारखाच, ‘मीच तो’ असे म्हणून बसलेला होता.

पण मांडव्यकथेचा दुसरा अर्धाही लवकरच खरा ठरला. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात एका खून झालेल्या गृहस्थाच्या नखांखाली एका बेघर माणसाचा डीएनए निघाला. जुळणी अचूक होती. तो माणूस मात्र त्या रात्री दारूच्या नशेत बेशुद्ध होऊन रुग्णालयात पडलेला होता. त्याला रुग्णालयात नेणारे वैद्यकीय सेवकच काही तासांनी खुनाच्या जागी गेले होते, आणि त्यांच्या उपकरणाबरोबर याचा अंश तिकडे गेला, असा निष्कर्ष निघाला. आश्रमात सापडलेला माल चोरीचाच होता. तो ठेवला मात्र दुसऱ्यांनी होता. कसोटी जितकी सूक्ष्म, तितका तिसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा, असा याचा अर्थ आहे.

हा विचार केवळ तज्ज्ञांचा नाही. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे नवे फौजदारी कायदे अमलात आले असून, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद त्यांत आहे. राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत टप्प्याटप्प्याने लागू करावयाची आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण पंचनाम्यावर सही करणारा पंच तुमच्याआमच्यातलाच असतो. कोणती वस्तू कोठे, कशा स्थितीत होती, तिला आधी कोणाचा हात लागला, ती कशात बांधून मोहोरबंद केली, हे त्या कागदावर नसेल तर पुढे प्रयोगशाळेतला सर्वांत हुशार माणूसही तिसऱ्या प्रश्नाला मदत करू शकत नाही. न वाचता, कोऱ्या कागदावर सही करून घरी गेलेला पंच एखाद्या मांडव्याला सुळाकडे ढकलीत असतो, किंवा खऱ्या चोराला दार उघडून देत असतो. आणि ‘नमुना जुळला’ एवढे वाचून पारावर निकाल देणारे आपण सर्वही काही वेगळे करीत नसतो. काय जुळले, जात की व्यक्ती. आणि जुळले तरी ते तेथे कसे आले, एवढे विचारण्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

राजाला आपली चूक कळली तेव्हा तो धावत गेला, ऋषींच्या पाया पडला आणि त्याने त्यांना सुळावरून उतरवले. पण शरीरात रुतलेला सूळ काही केल्या निघेना. शेवटी तो कापावा लागला आणि त्याचे टोक, म्हणजे अणी, आतच राहिले. ते घेऊनच मांडव्य पुढे जगले; अणीमांडव्य हे नाव त्यांना त्यावरून पडले.